विश्वास दिसतो कुठे?

‘विश्वासानेच तारण (पापातून सुटका) होतं, मग सेवेचा हिशोब कशाला?’ हा तुमचा प्रश्न आमच्याकडेही रविवारी उपासनेनंतर चहावर निघतो. बायबलच्या नव्या करारातल्या पत्रांत पौल विश्वासावर भर देतो, तर याकोब कृतीवर; पण त्या दोघांची झुंज लावायची गरज नाही, असं मला वाटतं. याकोब आपल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात एवढंच विचारतो, की उघड्या, उपाशी भावाला नुसतं ‘सुखाने जा, पोट भर’ म्हणून काय उपयोग? सेवा ही तारणाची किंमत नाही. विश्वासात धुगधुगी आहे का, ते तो तपासतोय.

इंदूरकर म्हणून मला सिस्टर राणी मारिया या कॅथलिक नन आठवतात. मूळच्या केरळच्या, काम मात्र देवास जिल्ह्यातल्या उदयनगरला, आदिवासींमध्ये. लोक सावकारांच्या पाशातून सुटू लागले, ते काहींना खुपलं. २५ फेब्रुवारी १९९५ला इंदूरकडे येताना बसप्रवासातच त्यांचा खून झाला. पुढे त्यांच्या सख्ख्या बहिणीने तुरुंगात जाऊन मारेकऱ्याला राखी बांधली. राखी! सेवा एक वेळ जमेल हो, हे नाही जमायचं मला. २०१७च्या नोव्हेंबरमध्ये इंदुरातच राणी मारियांना ‘धन्य’ (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित केलं गेलं.

पैशाचं म्हणाल, तर पौल करिंथ शहरातल्या ख्रिस्ती लोकांना पत्रात दाखला देतो तो मासेदोनियातल्या गरीब ख्रिस्ती मंडळ्यांचा, ज्यांनी गरिबीतही सढळ हाताने दिलं. त्यामुळे ‘पगार वाढला की देऊ’ हे माझं जुनं पालुपद गेलंच. सध्या आम्ही चार घरं मिळून दर गुरुवारी इंदूरच्या एम. वाय. रुग्णालयात बाहेरगावच्या रुग्णांच्या नातेवाइकांना डबे देतो. पोहे नव्हेत, पोळी-भाजी!