९६,०३२ रुग्ण आले कुठून? दवाखान्याच्या नोंदींवर केलेल्या संशोधनावर किती भरवसा ठेवायचा?

रात्रपाळी (धागाकर्ता):
मे २०२० मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने एक शोधनिबंध छापला. सहा खंडांतली ६७१ रुग्णालयं, ९६,०३२ कोविड रुग्ण, आणि निष्कर्ष हा की हायड्रॉक्सिक्लोरोक्विन या मलेरियावरच्या औषधाने मृत्यू वाढतात. काही दिवसांतच जागतिक आरोग्य संघटनेने त्या औषधाची चाचणी थांबवली. मग ऑस्ट्रेलियातल्या पत्रकारांनी आकडे ताडून पाहिले. २१ एप्रिलपर्यंत तिथे सरकारी हिशेबाने मृत्यू ६७, निबंधात ७३! डेटा पुरवणाऱ्या सर्जिस्फीअर कंपनीने मूळ नोंदी तपासायला दिल्याच नाहीत. ४ जूनला निबंध मागे घेतला गेला.

निबंधात एकाही रुग्णालयाचं नाव नव्हतं, तरी तो छापला गेला! माझं मत स्पष्ट आहे. औषध चालतं की नाही हे चिठ्ठ्या टाकून दोन गट पाडलेल्या चाचणीनेच ठरवावं. बाकी सगळं अंदाजपंचे दाहोदरसे.

आकडेबुवा:
चोर सोडून संन्याशाला फाशी. सर्जिस्फीअर ही लबाडी होती, आणि लबाड्या चाचण्यांतही होतात.
त्याच वर्षी 'ओपनसेफली' या संशोधन प्रकल्पाने इंग्लंडमधल्या १ कोटी ७० लाखांहून जास्त प्रौढांच्या, फॅमिली डॉक्टरांकडच्या नोंदी अभ्यासल्या. नोंदी होत्या तिथेच राहिल्या, संशोधकांचा संगणकीय कोड कोणालाही वाचायला खुला. मधुमेहाने कोविडचा धोका किती वाढतो हे चिठ्ठ्या टाकून कसं शोधणार? अर्ध्या लोकांना मधुमेह वाटणार का?

पिशवीतली_फाईल:
बुवा, इंग्लंडमध्ये जवळपास प्रत्येकाचं नाव एखाद्या डॉक्टरकडे नोंदलेलं असतं. आपल्याकडे फाईल पेशंटच्या पिशवीत, आणि पिशवी घरी विसरलेली.
मी सरकारी आरोग्य योजनेचे क्लेम भरते. निदान लिहिताना नजर पॅकेजवर, म्हणजे त्या उपचाराला योजनेने ठरवलेल्या रकमेवर असते. पेशंटला बीपी आहे, पण पॅकेजला त्याची गरज नाही, तर ते लिहायला वेळ कोणाला आहे? पुढे त्या डेटावर कोणी अभ्यास केला, तर त्या माणसाला बीपी नव्हतंच असं धरलं जाणार. यात लबाडी कोणाचीच नाही. कागद बिलासाठी भरला होता, एवढंच.

बालाघाटकर:
मग बार्शीचं उदाहरण घ्या. तिथे १९८७ पासून कॅन्सरची नोंदणी आहे, ग्रामीण भारतातली पहिली. खेड्यातली माणसं कॅन्सरसाठी दवाखान्यापर्यंत पोचतच नव्हती, त्यामुळे नुसती रुग्णालयाची रजिस्टरं चाळून काही हाती लागलं नसतं. कर्मचारी गावोगाव फिरले, लोकांशी बोलले, लक्षणं असलेल्यांना तपासणीला आणलं.
पुढे उस्मानाबाद जिल्ह्यात (आता धाराशिव) १,३१,७४६ बायकांवर गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची मोठी चाचणी झाली. निकाल २००९ साली आला: एकदाच केलेल्या एचपीव्ही (हा कॅन्सर घडवणारा विषाणू) तपासणीनेही मृत्यू घटतात. कोणाला पुढे कॅन्सर झाला हे कळायला हीच नोंदणी कामी आली.

रात्रपाळी:
बार्शी मान्य. कर्मचारी कुठल्या गावात गेला ते तिथे दाखवता येतं. पण तिथेही निकाल चाचणीनेच दिला ना? हायड्रॉक्सिक्लोरोक्विनचंही तेच. उपयोग नाही हे जूनमध्ये ब्रिटनच्या 'रिकव्हरी' चाचणीने सांगितलं.

आकडेबुवा:
आणि त्या 'रिकव्हरी'ने रुग्णांचं पुढे काय झालं हे पाहायला एनएचएसच्या (ब्रिटनची सरकारी आरोग्यसेवा) रोजच्या नोंदीच वापरल्या. अंदाजपंचे म्हणालात ना, त्याच!

पिशवीतली_फाईल:
एनएचएसच्या. आमच्या क्लेमवर करून दाखवा, मग बोलू.