कॉग्निटिव्ह रेडिओ: मोकळ्या चॅनलपैकी सर्वांत चांगला कसा ठरवावा?

ध्वनिलहरी:
नमस्कार. पदव्युत्तर प्रकल्पासाठी मी कॉग्निटिव्ह रेडिओचे, म्हणजे परवानाधारकाचा चॅनल मोकळा असेल तेव्हा तो वापरणाऱ्या रेडिओचे, सिम्युलेशन करत आहे. परवानाधारक वापरत नसलेल्या चॅनलपैकी ज्याचे सिग्नल-नॉइज गुणोत्तर सर्वाधिक, तो मी दुय्यम (परवाना नसलेल्या) वापरकर्त्याला देतो; परंतु परवानाधारक वारंवार परतल्यामुळे चॅनल सोडावा लागतो आणि थ्रूपुट (प्रत्यक्ष पोहोचणाऱ्या डेटाचा वेग) फार कमी मिळते. निवडीचा निकष बदलावा का?

शांतपट्टा:
होय. चॅनलची कमाल क्षमता सांगणाऱ्या शॅननच्या सूत्रात हे गुणोत्तर लॉगॅरिदमच्या आत असते, तर चॅनल मोकळा राहण्याचा काळ थेट गुणाकारात येतो. समजा, एका चॅनलचे गुणोत्तर १५ (डेसिबलमध्ये नव्हे, साधे गुणोत्तर) आहे, म्हणजे दर हर्ट्झमागे सेकंदाला ४ बिट. पण तो ४० टक्के वेळच मोकळा असेल तर सरासरी १.६ उरते. दुसऱ्याचे गुणोत्तर ७ म्हणजे ३ बिट, पण तो ८० टक्के वेळ मोकळा असल्याने सरासरी २.४ मिळते. शिवाय हा मोकळा काळ सलग मिळतो की तुकड्यातुकड्यांनी, हे माझ्या मते सर्वांत महत्त्वाचे आहे, कारण प्रत्येक बदलात दोन्ही टोकांना नव्या फ्रिक्वेन्सीवर यावे लागते आणि तेवढा वेळ डेटा थांबतो. वापराची आकडेवारी आधी हाती नसेल, तर मल्टि-आर्म्ड बँडिट (वापरता वापरता चांगला पर्याय शिकणाऱ्या) पद्धतींपैकी यूसीबी वापरून पाहा; ती आतापर्यंतच्या सरासरीबरोबरच कमी तपासलेल्या चॅनललाही संधी देते.

पालघरकर:
सहमत आहे, मात्र बँड कोणता, यावर बरेच अवलंबून आहे. आयआयटी मुंबईच्या अभ्यासानुसार ४७० ते ५९० मेगाहर्ट्झमधील १५ टीव्ही चॅनलपैकी किमान १२ देशात जवळजवळ सर्वत्र मोकळे होते, आणि याच पट्ट्यात पालघर जिल्ह्यातील गावांना ब्रॉडबँड देण्याचा प्रयोगही त्या संस्थेने केला. टीव्ही प्रक्षेपक क्षणोक्षणी सुरू-बंद होत नाहीत, त्यामुळे तेथे शेजारच्या चॅनलमधून होणारी गळती आणि इतर दुय्यम वापरकर्त्यांचा व्यत्यय यांवर निवड ठरते.

ध्वनिलहरी:
आभारी आहे. चालू चॅनल सोडावा लागल्यास वापरायचा राखीव चॅनल आधीच ठरवून ठेवावा का?

पालघरकर:
अवश्य ठेवा. टीव्हीच्या मोकळ्या चॅनलवरील कॉग्निटिव्ह रेडिओसाठीच्या २०११ च्या आयट्रिपलई ८०२.२२ मानकात राखीव चॅनलची यादी असते आणि परवानाधारक परतल्याचे २ सेकंदांत ओळखावे लागते. डिजिटल टीव्हीसाठी उणे ११६ डीबीएम (१ मिलिवॅटच्या तुलनेत डेसिबलमध्ये मोजलेली शक्ती) इतका क्षीण सिग्नल ओळखण्याची अट आहे. नॉइजची पातळी अचूक माहीत नसल्यास केवळ ऊर्जा मोजून ते साधत नाही. म्हणून राखीव चॅनलही अनेक नोडच्या (जाळ्यातील रेडिओंच्या) एकत्रित सेन्सिंगने, म्हणजे सिग्नल आहे का हे मिळून पाहून, नियमित तपासत राहा.