पाळणाघराची फी एवढी, मग ताईंचा पगार एवढासा का?

धागाकर्ती:
लेक अकरा महिन्यांची. माझ्या पगाराचा मोठा लचका पाळणाघराच्या फीत जातो. काल जरा लवकर आणायला गेले, तर ताईच्या मांडीवर एक बाळ बाटलीला लागलेलं, पायाने ती दुसऱ्याचा झोका हलवतेय आणि आमच्या बाईसाहेब जाळीचं दार धरून उभ्या, ओला डायपर गुडघ्यापर्यंत लोंबतोय. ताईला पगार विचारला (विचारू नये, पण राहवलं नाही). आकडा ऐकून गप्प झाले. मग मधले पैसे जातात कुठे? माझं मत स्पष्ट आहे: हा धंदा आईबापांच्या नडीवर चालतो.

हिशेबी:
नड खरी, पण मधे कोणी गब्बर होतंयच असं नाही. वर्षाखालच्या चार बाळांमागे एक ताई, हे चांगलं प्रमाण मानतात. पाळणाघर दहा तास उघडं, ताईची ड्यूटी आठ तासांची, म्हणजे चार बाळांमागे सव्वा ताई. एका बाळाच्या वाट्याला तिच्या पगाराचे ३१ टक्के. जागा, वीज, जेवण, साफसफाई यांना एकूण खर्चाचा एक तृतीयांश धरा, की फी तिच्या जवळपास अर्ध्या पगाराइतकी झाली. तिला स्वतःचं मूल तिथे ठेवणं परवडणार नाही, ते यामुळेच. बॉमोल आणि बोवेन या अर्थतज्ज्ञांनी १९६६ साली नाटक-संगीताबद्दल हेच दाखवलं होतं. यंत्रामुळे कारखान्यातला माणूस दुप्पट माल काढतो, त्याचा पगार वाढतो. बाळ दुप्पट वेगाने निजवता येत नाही, पण ताई टिकवायची तर तिचाही पगार वाढवावा लागतो, म्हणून फी चढत जाते.

दोन लेकरांचा बाप:
हिशेब बरोबर, पण तो चाराला एक ताई असेल तर! फी चाराची घ्यायची आणि एकीच्या गळ्यात सहा बाळं घालायची, हा फरक कोणाच्या खिशात जातो? अमेरिकेतल्या चार राज्यांतल्या सुमारे ४०० केंद्रांचा अभ्यास १९९५ साली आला. सातांतलं जेमतेम एक केंद्र चांगलं निघालं, आणि मध्यम व चांगल्यातला खर्चाचा फरक होता साधारण १० टक्के. गंमत म्हणजे पाहणी करणाऱ्यांपेक्षा आईबापांनी त्याच केंद्रांना कितीतरी जास्त गुण दिले होते. आपण सकाळी आठला दारात उभे असतो, दुपारी तीनला आत नसतो. त्यामुळे भिंती रंगवणाऱ्याचं फावतं.

पाळणाघरवाली:
भिंती रंगवणारी बोलतेय. १२ बाळं, ३ ताया. तीन बाळं सोडून गेली. नऊ बाळांनाही तीनच ताया लागतात, सव्वादोन मिळत नाहीत. दर बाळामागे तायांचा खर्च एक तृतीयांशाने वाढला, फी तीच. बाळांची खोली कायम तोट्यात. तीन वर्षांपुढच्यांकडून भरून काढते, तिथे एकीला दहा मुलं सांभाळता येतात. तुम्ही म्हणता ते १० टक्के माझ्या हातात उरतच नाहीत. फी वाढवली की तुमच्यासारखेच पहिले दुसरीकडे चौकशी करतात.

हिशेबी:
म्हणून सरकारने पैसे घालावेत. कॅनडातल्या क्वेबेक प्रांताने १९९७ साली दिवसाला ५ डॉलर फी ठरवली, आया मोठ्या संख्येने नोकरीत आल्या.

दोन लेकरांचा बाप:
आणि बेकर, ग्रुबर, मिलिगन यांचा २००८ चा अभ्यास? त्याच योजनेनंतर मुलांमधली आक्रमकता वाढलेली दिसली. फी उतरवणं सोपं हो, अनुभवी ताया कुठून आणणार?

पाळणाघरवाली:
तिथेही सगळी केंद्रं एका माळेची नव्हती, ना-नफा केंद्रांचा दर्जा नफेखोरांपेक्षा बरा निघाला. पण तायांचं बोललात ते खरं. बाळाला माणूस कळायला लागतो तोवर माणूस बदलतो. धागाकर्ती, फीचं राहू द्या. बाळांच्या खोलीतली सगळ्यात जुनी ताई किती महिने आहे, एवढंच विचारा.

धागाकर्ती:
विचारलं. चार महिने.
माझी लेक तिथे पाच महिने आहे.