पाइनची मुळं धुऊ नका
पाइनच्या बोन्सायची (कुंडीत लहान राखून वाढवलेल्या झाडाची) कुंडी बदलताना जुनी माती पूर्ण धुऊन मुळं मोकळी करा, असा सल्ला इथे एकाने दिलाय. कृपया तसं करू नका. वड-पिंपळ हे सहज सोसतात, पाइन सोसेलच असं नाही. त्याच्या मुळांवर पांढरट जाळं दिसलं तर घाबरून औषध मारू नका. बहुतेक वेळा ती सोबतीची बुरशी असते. ती मुळांना पाणी आणि फॉस्फरस पुरवते, बदल्यात झाडाकडून साखर घेते. म्हणून कुंडी बदलताना अर्ध्या बाजूचीच माती काढा, उरलेली दोन-तीन वर्षांनी.

छाटतानाही जपा. सगळ्या सुया (पाइनची सुईसारखी पानं) काढल्या की जुन्या उघड्या लाकडातून सहसा नवा फुटवा येत नाही, फांदी वाळते. खोडाकडे थोडी हिरवळ राखूनच कापा.

ज्यांनी हा पाइन लावलाय, त्यांनी आपल्याच हवामानातलं झाड निवडलं, हे फार छान! मात्र ते घरात ठेवू नका, त्याला उघड्यावरचं ऊन आणि थंडी दोन्ही लागतात. जुनिपर (पाइनसारखंच एक सूचिपर्णी झाड) असेल तर नुसत्या रंगावर विसंबू नका, तो मेल्यावरही काही आठवडे हिरवा दिसतो. शंका आली तर नखाने साल किंचित खरवडून आत ओलसर हिरवं दिसतंय का ते बघा.