कॅलिफोर्नियाचं सोनं: वंशद्वेष खाणकामगारांनी आणला की कायद्यानं?

नदीकाठची (फॉल्सम, कॅलिफोर्निया)

माझा मुलगा चौथीत आहे. इथे चौथीला गोल्ड रश, म्हणजे सोन्यासाठी उडालेली झुंबड, शिकवतात आणि बऱ्याच शाळांची सहल कोलोमाला जाते. २४ जानेवारी १८४८ ला सटरच्या लाकूडगिरणीच्या पाटात जेम्स मार्शलला सोन्याचे कण दिसले, ते हे गाव. मुलं परातीत वाळू धुतात आणि बारक्या कुपीत दोन-चार कण घेऊन घरी येतात. परवा रात्री कुपी उशाशी ठेवून त्यानं विचारलं, "आई, मार्शल यायच्या आधी तिथे कोण राहायचं?"

निसेनान हे तिथले मूळनिवासी लोक राहायचे. कोलोमा हे नावसुद्धा त्यांच्याच वस्तीचं. सांगताना माझा आवाज अडखळला. म्हणून हा धागा.

सोन्याच्या हावेनं माणसं पिसाळली, असं आपण सहज म्हणून जातो. मला ते अपुरं वाटतं. हावेतून मारामाऱ्या झाल्या असत्या. कोणी कोणाला मारलं तर चालेल, हे मात्र कायद्यानं ठरवलं. १८५० मध्ये परदेशी खाणकामगारांवर दरमहा २० डॉलर कर बसला. सोनं सापडल्यावर नऊच दिवसांनी झालेल्या तहानं अमेरिकेकडे गेलेली ही भूमी तोवर मेक्सिकोची होती, आणि आता मेक्सिकन माणूस तिथे परदेशी! कर भरण्यापेक्षा हजारो जण निघून गेले. पुढच्या वर्षी तो रद्द झाला आणि १८५२ मध्ये तीन डॉलरचा होऊन परतला, यावेळी मुख्यतः चिनी लोकांसाठी.

१८५४ चा पीपल विरुद्ध हॉल हा खटला तर विसरताच येत नाही. जॉर्ज हॉल या गोऱ्यानं लिंग सिंग या चिनी खाणकामगाराला मारलं. चिनी साक्षीदारांच्या जबानीवर त्याला फाशीची शिक्षा झाली. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं ती फिरवली. गोऱ्या माणसाच्या खटल्यात काळ्या माणसाची आणि 'इंडियन' (म्हणजे अमेरिकेतल्या मूळनिवासी) माणसाची साक्ष चालणार नाही, असा कायदा होताच. न्यायमूर्ती मरे यांनी लिहिलं की कोलंबस आशिया शोधायला निघाला होता, म्हणून 'इंडियन' या शब्दात चिनीही येतात. एका वाक्यानं हजारो माणसं न्यायालयात मुकी झाली. डोंगरात चिनी माणसाला लुटणाऱ्याला त्या दिवसानंतर कशाची भीती उरली असेल?

झारेकऱ्याचा नातू (नाशिक)

ताई, लिहिलंय पोटतिडकीनं, पण क्रम उलटा लावलाय. कायदा आभाळातून पडला नाही.

माझे आजोबा सराफकट्ट्यावरची धूळ धुऊन सोनं काढायचे. दुकानाबाहेरची चार हात जागा कोणाची, यावरून सख्ख्या भावांत अबोला झालेला मी पाहिलाय. थोडं उरलं की माणूस 'आपला' आणि 'परका' मोजायला लागतो. कॅलिफोर्नियात तेच झालं. १८४८ मध्ये वरच्या वाळूत सोनं होतं, चाकूनं उकरूनही मिळायचं. मेक्सिकोच्या सोनोरातून आलेले लोक कसलेले होते, परात कशी फिरवायची ते नवख्या अमेरिकनांनी त्यांच्याकडून शिकून घेतलं. तेव्हा भांडण कमी होतं. १८५५ पर्यंत तीनेक लाख माणसं येऊन धडकली. उत्पादन १८५२ मध्ये शिखरावर गेलं, मग वरचं सोनं आटलं. नंतर पाण्याच्या प्रचंड फवाऱ्यानं डोंगर फोडायचा, आणि त्याला भांडवल लागतं. स्वतःच्या जिवावर आलेला माणूस रोजंदारीवर गेला. मालकावर हात टाकता येत नव्हता, म्हणून शेजारच्या चिनी माणसावर टाकला. आमदारांनी त्या रागाला फक्त कागद दिला.

बेंडिगोकर (व्हिक्टोरिया, ऑस्ट्रेलिया)

मी नाशिककरांच्या बाजूनं, पण माझं कारण वेगळं. ताईंचं म्हणणं खरं असेल तर देश बदलला, कायदा बदलला की चित्र बदलायला हवं होतं. इथे राज्य ब्रिटिशांचं, अमेरिकेशी काही संबंध नाही, आणि तरी तेच घडलं.

१८५१ ते १८६१ या दहा वर्षांत व्हिक्टोरियाची वस्ती सुमारे ७७ हजारांवरून साडेपाच लाखांच्या घरात गेली. १८५४ मध्ये बॅलरॅटच्या खाणकामगारांनी जाचक परवाना शुल्काविरुद्ध बंड केलं. ३ डिसेंबरला, युरेका इथे बंडखोरांनी उभारलेल्या कुंपणाआड माणसं मेली. त्यांना इथे लोकशाहीचे हुतात्मे मानतात आणि मीही मानतो. पण पुढचं वाचताना माझं मन बसतं. त्यानंतरच्या चौकशी आयोगानं एकाच अहवालात दोन शिफारशी केल्या: परवाना शुल्क काढा, आणि चिनी लोकांना आवरा. १८५५ मध्ये गोऱ्या खाणकामगाराला वर्षाला एक पौंड भरून मताचा हक्क मिळाला. त्याच वर्षी बंदरात उतरणाऱ्या प्रत्येक चिनी माणसावर दहा पौंडांचा कर बसला.

म्हणून ते लोक शेजारच्या दक्षिण ऑस्ट्रेलियात रोब या लहान बंदरावर उतरायचे आणि तिथून चारशे किलोमीटरहून जास्त पायी चालत सोन्यापर्यंत यायचे. वाटेत सोनं सापडून १८५७ मध्ये अरारट हे गाव वसलं, ते त्यांच्यामुळेच. १८५७ मध्येच बकलंड नदीकाठी जमावानं त्यांची वस्ती उधळली, १८६१ मध्ये लॅम्बिंग फ्लॅटला पुन्हा तेच.

नदीकाठची

बेंडिगोकर, तुमच्या उदाहरणानं माझं मत हललं, खोटं कशाला बोलू. राग आधी, कायदा नंतर, हा क्रम मान्य.

पण जमाव दमतो, घरी जातो. कायदा दमत नाही. वाळूतलं सोनं संपून तीस वर्षं झाल्यावर, १८८२ मध्ये, चिनी मजुरांना देशभर बंदी करणारा कायदा आला. तो १९४३ पर्यंत टिकला. तेव्हा कुठे उरली होती नाशिककरांची चार हात जागा? ज्यांनी हा कायदा पाहिला त्यातल्या बहुतेकांनी परात कधी हातातही धरली नव्हती.

साकरमेंटोचा पाहुणा

सगळं काळंच रंगवू नका, एवढंच म्हणणं आहे. १८४८ मध्ये सॅन फ्रान्सिस्को हजारभर लोकांचं गाव होतं, दोन वर्षांत पंचवीसेक हजारांचं शहर झालं. चिली, फ्रान्स, हवाई, चीनमधलं क्वांगतुंग, जगातली माणसं एका बंदरावर आली. चिनी लोक त्या शहराला 'सोन्याचा डोंगर' म्हणायचे, आणि कर, मार, अपमान सोसूनही येत राहिले. त्यांना तिथे काहीतरी दिसत होतंच ना? १८५० मध्ये हे राज्य गुलामगिरीविना संघात आलं, हेही गोल्ड रशमुळेच. तुम्ही-आम्ही आज इथे घरं घेऊन राहतो त्या मोकळेपणाचं मूळ त्या गर्दीत आहे.

नदीकाठची

ते येत राहिले हे त्यांच्या हिमतीचं माप आहे, राज्याच्या मोकळेपणाचं नाही. आणि "तुम्ही-आम्ही" म्हणालात म्हणून सांगते. चिनी लोकांसाठी विणलेलं बंदीचं जाळं १९१७ मध्ये मोठं झालं आणि त्यात भारतही आला. १९२३ मध्ये भगतसिंग थिंड खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं ठरवलं की भारतीय माणूस 'गोरा' नाही, म्हणून नागरिकही होऊ शकत नाही. आपले वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे याच किनाऱ्यावर गदर या भारतीय क्रांतिकारकांच्या चळवळीतल्या लोकांत वावरले. आपला मोकळेपणा सोन्याच्या गर्दीतून आला नाही. बंदीचे हे कायदे मोडीत निघाले तेव्हा आला.

पाणवठा

सकाळपासून वाचतेय. कर, साक्ष, बंदी, सगळं आलेल्यांबद्दल. मुलानं विचारलं होतं आधीच्यांबद्दल.

गुलामगिरीविना राज्य म्हणालात ना? त्याच १८५० मध्ये त्याच विधिमंडळानं 'इंडियन लोकांचं शासन आणि संरक्षण' असं नाव देऊन कायदा केला. त्यानं मूळनिवासी मुलं गोऱ्यांच्या ताब्यात देता येत होती. रिकामा फिरणारा म्हणून पकडलेला माणूस चार महिन्यांपर्यंत सर्वांत जास्त बोली लावणाऱ्याला कामाला देता येत होता. १८५१ च्या जानेवारीत गव्हर्नर बर्नेट यांनी विधिमंडळाला सांगितलं की मूळनिवासी वंश नामशेष होईपर्यंत हे संहाराचं युद्ध चालूच राहील. मोहिमांचा खर्च राज्यानं उचलला आणि त्यातला बराचसा नंतर वॉशिंग्टनच्या केंद्र सरकारनं भरून दिला. १८४८ मध्ये दीड लाखांच्या आसपास असलेले हे लोक पंचवीस वर्षांत तीस हजारांवर आले. रोगानं गेले, उपासमारीनं गेले, गोळीनं गेले. सोनं वेगळं करायला वापरलेल्या पाऱ्यानं आणि गाळानं नद्या भरल्या, त्यांचे सामन मासेही गेले.

इथे जागा कमी पडली म्हणून भांडण झालं नाही, नाशिककर. ज्यांच्याशी कोणाची स्पर्धाच नव्हती त्यांना संपवलं.

झारेकऱ्याचा नातू (नाशिक)

पाणवठा, यावर माझ्याकडे उत्तर नाही. चिनी लोकांपुरतं माझं म्हणणं कायम आहे. निसेनानांना ते लागू होत नाही.

नदीकाठची

२०१९ मध्ये गव्हर्नर न्यूसम यांनी मूळनिवासींची जाहीर माफी मागितली आणि जे झालं त्याला वंशसंहार हाच शब्द वापरला. तो शब्द नऊ वर्षांच्या मुलाला कसा सांगायचा, हे मला अजून जमलेलं नाही. उद्या त्याच्या बाईंना भेटायचंय. पुढच्या सहलीत वाळू धुण्याआधी मुलांना त्या वस्तीबद्दल, तिथल्या लोकांबद्दल सांगाल का, एवढंच विचारणार आहे. कुपी त्यानं अजून उशाशीच ठेवली आहे. मी ती उचललेली नाही.