कुल्लूचा दसरा म्हणजे सरकारी इव्हेंट? काहीही!

डोंगरवेडा:
काल खडीसाखर यांनी लिहिलं की कुल्लूचा दसरा बघून निराशा झाली, रावण जाळत नाहीत, गावोगावहून पालखीतून येणाऱ्या देवांना सरकार नजराणा देतं, सात दिवस नुसता बाजार, म्हणजे टुरिझमसाठी उभा केलेला इव्हेंट. वाचून डोकंच फिरलं. अहो, तिथे रावण जाळायची रीतच नाही! आपला दसरा संपतो त्या दिवशी त्यांचा सुरू होतो, मनालीहून हिडिंबा देवी आल्याशिवाय मुख्य देव रघुनाथजींचा रथ हलत नाही, आणि शेवटच्या दिवशी ब्यास नदीच्या काठी लाकूडफाटा पेटवतात तीच त्यांची लंका. दोन वर्षांपूर्वी ढालपूर मैदानावर एका देवाच्या तंबूत मी चहा प्यायलोय. नरसिंगा वाजवणारा म्हातारा होता, चार दिवस डोंगर तुडवत पालखीबरोबर आलेला, पाय सुजलेले. त्याला कोण म्हणेल इव्हेंटवाला?

खडीसाखर:
म्हाताऱ्याबद्दल मी एक शब्द काढला नव्हता. माझा राग त्या कर्कश माइकवर आणि प्लास्टिकच्या दुकानांवर आहे. 2015 ला हजारो बायका एकदम नाचवून नाटी या तिथल्या लोकनृत्याचा गिनीज रेकॉर्ड केला, तो कुठल्या देवाने मागितला होता? आणि नजराण्याचं काय, ते सांगा ना.

सातारकर_पुण्यात:
नजराण्याचं मी सांगतो. आपल्याकडे कूळकायदा आला तसा हिमाचलात 1972 चा कायदा आला, देवांच्या बऱ्याच जमिनी कुळांकडे गेल्या. मग गूर (ज्याच्या तोंडून देव बोलतो तो), कारदार (देवाचा कारभारी), वाजंत्री एवढ्यांना घेऊन देव आठवडाभर खाली येणार, तर खर्च कुणी करायचा? आणि बाजार तर जुनाच आहे, लाहौल, लडाख, पंजाबचे व्यापारी लोकर घेऊन यायचे. बर्फ पडायच्या आधी वर्षाची खरेदी तिथेच व्हायची.

भुईनळा:
मूळ मुद्दा वेगळाच आहे. राजा जगतसिंहाने 1651 मध्ये अयोध्येहून मूर्ती आणवली, राज्य रघुनाथाला वाहिलं आणि स्वतः छडीबरदार, म्हणजे देवापुढे छडी धरणारा सेवक झाला. गावोगावचे देव हजेरी लावायला आले म्हणजे त्यांची माणसंही राजापुढे आली, हे राजकारणच. मलाणा गावचा देव जमलू अजून नदी ओलांडत नाही, पलीकडच्या काठावरूनच बघतो, त्याचं मला फार कौतुक आहे. आणि बळी द्यायचे त्याबद्दल सगळे गप्प का? रेडा, मेंढा, कोंबडा, मासा, खेकडा. 2014 ला हायकोर्टाने बंदी घातली ते उत्तम झालं.

डोंगरवेडा:
आलात बळीवर! प्रत्येक धाग्यावर तुमचं हेच.

भुईनळा:
येणारच. आमच्या गावच्या जत्रेत मी सात वर्षांचा असताना मला लळा लागलेला बोकड माझ्यासमोर कापला. नवस आजीचा होता. त्या दिवसापासून मी मटण खाल्लेलं नाही. कुणाला ही फॅशन वाटत असेल तर वाटो.

कांदाभाकर:
वाईट वाटलं वाचून, पण त्याच बोकडाचा वाटा आमच्या वस्तीत घरोघरी यायचा आणि वर्षातून तेवढंच मटण आम्हाला मिळायचं, ते का नाही सांगत? शहरात पॅक केलेलं चालतं, देवापुढचं तेवढं रानटी! बंदी आली की पहिला मार गरिबाच्या ताटावर.

भुईनळा:
मी पॅक केलेलंही खात नाही. वाचत जा आधी.

कांदाभाकर:
तुम्ही नका खाऊ. दुसऱ्याच्या देवाला काय चालतं ते ठरवू नका, एवढंच.

खडीसाखर:
अरे, कुल्लू राहिलं बाजूला.

सातारकर_पुण्यात:
राहिलं नाही. बालू नाग आणि शृंगा ऋषी यांच्यात रथाच्या उजव्या हाताला कुणी चालायचं यावरून वाद आहे, इतका की रथ निघतो तेव्हा दोन्ही देवांवर पोलिसांचा पहारा बसतो. आमच्याकडे पालखीच्या मानावरून दोन भावक्या वीस वर्षं बोलत नव्हत्या, त्यामुळे मला ते लगेच कळलं. नुसता पर्यटकांचा खेळ असता तर मानासाठी कोण इतकं भांडलं असतं?

खडीसाखर:
ठीक आहे, ‘उभा केलेला’ हा शब्द मागे घेते. माइक आणि प्लास्टिकबद्दल एक अक्षर मागे घेणार नाही.

डोंगरवेडा:
प्लास्टिकचं मान्य, मलाही खुपलं. पण पुढच्या वेळी रथाच्या दिवशी दुपारीच जा आणि रथ ओढायच्या दोराजवळ उभ्या राहा. माझे तळहात सोलवटले होते, तरी सोडवेना.