शब्दचर्चा: समुद्राची ‘आम्लता’ आणि प्रवाळातली ‘नोंद’

विचारणा

एका विज्ञानलेखाचं मराठी तपासते आहे. वाक्य असं आहे: ‘पोवळ्यांच्या सांगाड्यातील नोंदीवरून जुन्या समुद्राच्या आम्लतेची पुनर्रचना करता येते.’ समुद्राचं पाणी आम्लधर्मी नसतं, मग ‘आम्लता’ चालेल का? आणि ‘पोवळे’ ठेवावं की ‘प्रवाळ’?

उत्तर

‘पोवळे’ हे ‘प्रवाळ’चंच झिजून झालेलं रूप, त्यामुळे चूक कुठलंच नाही. तरी इथे मी ‘प्रवाळ’ घेईन. पोवळं म्हटलं की वाचकाला अंगठीतला लाल खडा दिसतो. त्या लाल पोवळ्याचा सांगाडा कॅल्साइटचा असतो. उथळ, उबदार पाण्यात खडक रचणाऱ्या प्रवाळांचा अरॅगोनाइटचा. (दोन्ही कॅल्शियम कार्बोनेटच, स्फटिकाची घडण वेगळी.) लेख या दुसऱ्यांबद्दल आहे.

‘आम्लता’ मात्र राहू द्या. आज समुद्राच्या पृष्ठभागाचा सामू (pH) सरासरी ८.१ च्या आसपास आहे, म्हणजे उदासीन ७ च्या वर, पाणी आम्लारिधर्मीच. पण बुटक्या माणसालाही उंची असते, तशी आम्लारिधर्मी पाण्यालाही कमी-जास्त आम्लता असते. ‘आम्लता’ हे माप झालं, ‘आम्लधर्मी’ हा वर्ग. ‘समुद्राची आम्लता वाढली’ बरोबर. ‘समुद्र आम्लधर्मी झाला’ चूक. ‘सागरी आम्लीकरण’ या शब्दातही दिशाच सांगितली आहे, मुक्काम नाही.

जिथे आकडा येईल तिथे ‘सामू’ वापरा, आणि दिशा पुन्हा एकदा तपासा: आम्लता चढते तेव्हा सामू उतरतो. औद्योगिक काळाच्या आधीपासून आजवर तो सुमारे ०.१ ने उतरला आहे. वाचताना हे काहीच वाटत नाही, पण हे माप दहाच्या घातांचं असल्याने तेवढ्यानेच पाण्यातले हायड्रोजन आयन सुमारे पाव पटीने वाढतात. हा खुलासा लेखात गाळू नका.

आणखी एक उत्तर

वरचं सगळं मान्य. माझा आक्षेप ‘नोंद’ या शब्दावर आहे. नोंद म्हटली की कुणी तरी आकडा लिहून ठेवलाय असं वाटतं. प्रवाळात सामू लिहिलेला नसतो, तिथे बोरॉन हे मूलद्रव्य असतं.

समुद्राच्या पाण्यात बोरॉन दोन रूपांत असतो, बोरिक आम्ल आणि बोरेट आयन. सामू वाढला की बोरेटचा वाटा वाढतो. बोरॉनची स्थिर समस्थानिकंही (वेगळ्या वजनाचे अणू) दोन, १० आणि ११ वस्तुमानांकांची, आणि ११ चा कल बोरिक आम्लाकडे जास्त. त्यामुळे सामू बदलला की बोरेटमधलं ११ चं प्रमाण बदलतं. सांगाड्यात शिरतो तो मुख्यतः बोरेट, म्हणून अरॅगोनाइटमधलं हे प्रमाण मोजून मागे हिशेब करता येतो. पोराइट्ससारखा प्रवाळ वर्षाला साधारण सेंटीमीटरभर वाढतो. त्याची उभी चकती कापून क्ष-किरण चित्र घेतलं की कमी-जास्त घनतेचे पट्टे दिसतात, एक जोडी म्हणजे एक वर्ष. पट्ट्यापट्ट्यातून बारीक भुकटी कोरून घ्यायची आणि मोजायची.

पण सांगाडा थेट समुद्राच्या पाण्यात घडत नाही. प्राण्याच्या ऊती आणि सांगाडा यांच्यामध्ये द्रवाचा पातळ थर असतो. प्रवाळ त्यातून हायड्रोजन आयन बाहेर काढतो आणि त्याचा सामू बाहेरच्यापेक्षा वर नेतो. बोरॉन सांगतो तो या आतल्या द्रवाचा सामू. तिथून समुद्राच्या सामूपर्यंत जायला सामू माहीत असलेल्या पाण्यात वाढलेल्या प्रवाळांशी ताळा घ्यावा लागतो. म्हणून ‘नोंद’ऐवजी ‘खूण’ किंवा ‘दर्शक’ म्हणा, आणि सामू ‘काढला’ म्हणा. ‘प्रवाळात सामू मोजला’ असं तर कधीच नको.

हा भेद अर्थावर परिणाम करतो. ऑस्ट्रेलियाच्या ईशान्येला कोरल समुद्रातल्या फ्लिंडर्स रीफवरच्या पोराइट्समधून काढलेली सुमारे ३०० वर्षांची मालिका २००५ साली प्रसिद्ध झाली. तीत सामू साधारण ७.९ ते ८.२ मध्ये, सुमारे ५० वर्षांच्या आवर्तनाने वरखाली होताना दिसतो. ‘नोंद’ वाचणारा हे आकडे साऱ्या समुद्राला लावेल. ‘काढलेला सामू’ वाचणारा आधी विचारेल, कुठल्या रीफवरचा आणि कसा काढला?

विचारणा करणारीकडून

पटलं, दोन्ही बदल करते. ‘पुनर्रचना’ राहू देऊ का?

उत्तर

नको. मराठीत पुनर्रचना राज्यांची होते, खात्यांची होते, म्हणजे असलेलं मोडून नव्याने मांडणं. इथे कुणी काही नव्याने मांडत नाही, न पाहिलेल्या गोष्टीचा माग काढतात. असं करून पाहा: ‘प्रवाळांच्या सांगाड्यातील बोरॉनवरून समुद्राच्या पूर्वीच्या आम्लतेचा अंदाज बांधता येतो.’